म्हसवडची गाडी

मंगळवारी सकाळी माझे पती शेडनेटखाली रोपांना पाणी देत होते. ते खाली बसले. दारात भाड्याचा टेंपो उभा होता. त्यात ट्रे भरले होते. ट्रे न उतरवता त्याच टेंपोतून आम्ही त्यांना तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि ते गेल्याचं सांगितलं. टेंपोवाल्यानं नंतर ते ट्रे ज्यांचे होते त्यांच्या शेतावर पोचवले.

आमची उसाची रोपवाटिका आहे. कराड मागं टाकून कृष्णेच्या कडेनं सांगली जिल्ह्यात शिरलं की जी गावं लागतात त्यातलं एक आमचं. उसाच्या कांडीवरचा डोळा काढून ट्रेमध्ये लावायचा, महिनाभर जपायचा आणि उगवलेलं रोप शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेऊन द्यायचं, असा हा धंदा. त्यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड. भाड्याचा टेंपोवाला वाटेत दुसऱ्याचाही माल भरतो, चहाला थांबतो, गाडी उन्हात लावतो. रोपं माना टाकतात आणि शेतकरी आम्हाला बोल लावतो. म्हणून स्वतःची पिकअप हवी असं ह्यांचं म्हणणं होतं. नवी घेण्याची ऐपत नव्हती. जुनी, पण नीट राखलेली अशी गाडी ते शोधत होते, आणि हा शोध आमच्या संसारात इतका मुरला होता की तो कधी सुरू झाला ते मला आठवत नाही.

मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. रविवारी मला सुटी. त्या दिवशी आम्ही मोटारसायकलवर गाड्या बघायला जायचो. कधी विट्याला, कधी तासगावला, कधी सांगलीला. ते गाडीभोवती फिरायचे, खाली वाकायचे, तेलाची कांडी काढून वास घ्यायचे. मी सावलीत पुस्तक घेऊन बसायची. तासाभरानं येऊन म्हणायचे, "चला, ह्यात काय राम नाही." परतीच्या वाटेवर कुठंतरी भडंग किंवा उसाचा रस व्हायचा. ते स्वभावानं संशयी होते, पण त्यांच्या संशयात चिडचिड नव्हती. एखादा माणूस शब्दकोडं सोडवतो तसं ते खोट शोधायचे, आणि सापडली की खूश व्हायचे.

त्यांचे काही नियम होते. आपण पोचण्याआधी गाडी सुरू करून ठेवलेली असेल तर घेऊ नये. मालक कारण लांबलचक सांगत असेल तर घेऊ नये. आणि फार स्वच्छ गाडी दिसली तर आधी घाबरावं, कारण धुतलेली गाडी काहीतरी लपवत असते. त्यांच्याकडे जुन्या स्पीकरमधलं एक चुंबक होतं. ते रुमालात गुंडाळून पत्र्यावर फिरवायचं. जिथं चिकटत नाही तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारलेला, म्हणजे तिथं गाडी कधीतरी ठोकलेली. हे सगळं मी न बघता बघितलं होतं. ते गेल्यावर मला कळलं की मला ते पाठ आहे.

त्यांच्या पश्चात रोपवाटिकेचं काय करायचं याचा विषय लवकरच निघाला. जमीन सासूबाईंच्या नावावर आहे. धाकटे दीर शेजारीच राहतात, त्यांचा ऊस आहे, ट्रॅक्टर आहे. ते आत्यांना म्हणाले (सासूबाईंना मी आत्या म्हणते), "वैनीची नोकरी हाय. त्यांच्यानं ह्यो धंदा न्हाई व्हायचा. शेडनेट काढू, ऊस लावू. मी बघतो सगळं."

मी म्हणाले, मला एक हंगाम द्या. उसाची आडसाली लागण आषाढात सुरू होते. तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांना रोपं वेळेवर पोचली तर धंदा टिकेल. एक हंगाम चुकला तर शेतकरी दुसरी रोपवाटिका धरतात आणि मग परत येत नाहीत.

आत्या म्हणाल्या, "आखाडापातुर बघ. गाडी मिळाली तर चालव. न्हाई मिळाली तर मग ह्यो म्हणतोय तसं करू."

भावकीतल्या एक-दोघांनी आक्षेप घेतला की घरात वर्षाचं सुतक असताना गाडी कशी घेता, वर्ष तरी उलटू द्या. त्यावर आत्याच म्हणाल्या, "नवी कुठं घेतीया? जुनीच घ्यायची हाय न्हवं? जुन्याला कसला आलाय मुहूर्त?"

मी तालुक्याला ड्रायव्हिंग शिकायला जाऊ लागले. आणि गाडी बघायला सोबत म्हणून धाकटे दीर आले. दुसरं कोण येणार? ज्या माणसाला गाडी मिळू नये असं वाटत असणार, त्यालाच घेऊन मी गाडी शोधत होते. हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पण ते प्रत्येक वेळी वेळेवर यायचे, डबा न्यायचे, मला उन्हात उभं राहू द्यायचे नाहीत. त्यामुळं संशय घ्यावा तर तोंड कुठं ठेवावं, असं व्हायचं.

सांगलीत मिरजेच्या रस्त्याला जुन्या गाड्यांचा एक अड्डा आहे. सगळ्या गाड्यांच्या टायरना काळं लावलेलं, आत अत्तराचा वास. तिथला माणूस मला मॅडम म्हणायचा आणि बोलायचा मात्र दिरांकडं बघून.

"मॅडम, डोळं झाकून घ्या. डॉक्टरची गाडी हाय."

मी विचारलं, "डॉक्टर पिकअप कशाला वापरतील?"

तो क्षणभरच अडखळला. "जनावरांचा डॉक्टर, मॅडम."

दीर हसले. मीही हसले असते, पण ज्यांना घरी जाऊन हे सांगायचं ते नव्हते.

शिराळ्याला एकाच्या दारात पांढरी पिकअप होती. मालक गोड बोलत होता. मी रुमालातलं चुंबक काढून पत्र्यावर फिरवलं. दारावर आलं आणि ते घसरून खाली पडलं. परत लावलं, परत पडलं. मालक वाकून ते उचलून देत म्हणाला, "ताई, तुमचं चुंबक खराब झालंय." दिरांनी ते घेतलं आणि त्याच्या घराच्या दाराच्या लोखंडी कडीला लावलं. ते टक् करून बसलं. "कडी तेवढी चांगली हाय तुमची," ते म्हणाले.

अशा वेळी ते मला मनापासून माझ्या बाजूचे वाटायचे. पण परतताना मोटारसायकलवर मागं बसून मी विचार करायची, की खोट दाखवायला हे इतके उत्साही का आहेत? प्रत्येक वाईट गाडीबरोबर आषाढ जवळ येत होता, आणि त्यात नुकसान एकटीचं माझं होतं.

मोबाइलवर लोक व्हिडिओ पाठवायचे. गाडी चारी बाजूंनी दाखवायचे आणि वर गाणं लावायचे. इंजिनचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून गाणं, हे समजायला मला वेळ लागला नाही. मी उलट निरोप पाठवायची: गाणं काढून पाठवा. मग पुन्हा काही यायचं नाही.

संशयाची सवय लागली की ती मेलेल्या माणसालाही सोडत नाही. एका संध्याकाळी परत येताना माझ्या मनात आलं, इतकी वर्षं इतक्या गाड्या बघितल्या, त्यात एकही चांगली नव्हती? एक-दोन तरी असणारच. मग ह्यांना खरंच गाडी घ्यायची होती का? की गाडी घेतली तर रविवार संपतील म्हणून ते खोट शोधत होते? हे त्यांना विचारता आलं असतं तर ते काय म्हणाले असते तेही मला माहीत आहे. म्हणाले असते, "चला, रस पिऊ." तेवढ्यानं उत्तर मिळत नाही.

म्हसवडच्या गाडीची बातमी कराडातल्या ताडपत्रीवाल्या चाचांकडून आली. ते गाड्यांच्या हौद्यावर टाकायच्या ताडपत्र्या शिवतात. आमच्या रोपांसाठी हिरवं कापड त्यांच्याकडूनच शिवून घ्यायचो. ते म्हणाले, "बेटी, म्हसवडला एक मिलिटरीवाला आहे. डाळिंब वाहायचा. बाग काढली त्यानं. गाडी विकणार असं कानावर आलंय. ती बघ."

"चांगली आहे?"

"गाडीचं मला ठाऊक नाही. पण मी शिवलेली ताडपत्री तो धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवतो. लोक ताडपत्रीवर बसून पत्ते खेळतात."

मी लगेच विचारलं, यात तुम्हाला काही मिळणार आहे का? चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "मिळणार की. तुझी गाडी आली म्हणजे तिची ताडपत्री मीच शिवणार." मला ओशाळल्यासारखं झालं, पण प्रश्न विचारला याचा पश्चात्ताप झाला नाही.

वैशाखात आम्ही म्हसवडला गेलो. आमच्याकडं बांधाबांधाला पाणी, आणि तिकडं दहिवडी सोडली की जमीन नुसती पांढरी पडत जाते. सिद्धनाथाच्या देवळावरून पुढं जाऊन वाट विचारायला एका किराणा दुकानाशी थांबलो. दुकानदाराला मी विचारलं, मेजरची गाडी कशी आहे? आमच्या भागात निवृत्त जवानाचा हुद्दा कुठलाही असो, गाव त्याला मेजरच म्हणतं.

"लय जपलीया," दुकानदार म्हणाला. "मेजरनं बायकोलाबी येवढं जपलं न्हाई." आणि आतून दुकानदाराचीच बायको म्हणाली, "तुमी सांगा आता जपल्यालं."

गाडी पत्र्याच्या शेडमध्ये होती. बॉनेटवर गोणपाट, चाकांखाली लाकडाच्या फळ्या. काचेवर एक ओरखडा नाही. पान्हे कापडी पिशवीत, प्रत्येकाला शिवलेला वेगळा कप्पा. हौद्याच्या मागच्या फाळक्याच्या कड्या तेल देऊन मऊ केलेल्या. हौद्यात नारळाच्या काथ्याचा जाड दोर गोल वेटाळून ठेवलेला. मी बॉनेटला हात लावला. गार होतं. म्हणजे आमच्यासाठी आधी सुरू केलेली नव्हती. चुंबक फिरवलं, कुठंच पडलं नाही. खाली वाकून चेसी बघितली, तिथंही गंज नव्हता. तेलाची कांडी दिरांनी बघितली आणि पुसून परत घातली.

मेजर उंच, साठीच्या पुढचे. खुर्चीवर ताठ बसून होते. उठले नाहीत.

"का विकताय?" दिरांनी विचारलं.

"आता नको."

"काय अडचण?"

"न्हाई."

"चालवून दाखवता का?"

"तुमीच चालवा."

ह्यांच्या नियमात लांबलचक कारण देणाऱ्याचा निषेध होता. कारणच न देणाऱ्याबद्दल काही नव्हतं. पण जो माणूस गाडी इतकी जपतो, तो परक्याच्या हाती चावी देऊन स्वतः खुर्चीवरून हलत नाही, हे मला खटकलं. दीर गाडी फिरवून आले. "चांगली हाय," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. त्यामुळं तर मी आणखी सावध झाले.

मी कागद पाहिले, गाडीचा नंबर मोबाइलवर टाकून सगळी माहिती काढली. कर्ज नाही, अपघात नाही, दंड नाही. पहिलाच मालक. मी चौकशी करून कळवते म्हणून सांगितलं आणि आम्ही परत आलो. त्या आठवड्यात मी कॉलेजात पुस्तकं देताघेता सारखी एकच गोष्ट शोधत होते, या गाडीत काय वाईट आहे. परत आलेल्या पुस्तकाची पानं आपण चाळतो, कुठं फाटलंय का बघतो. एखादं पुस्तक अगदी कोरं परत आलं तर ते वाचलंच नसेल असं वाटतं. तसं काहीतरी.

शेवटी ज्येष्ठ लागला. मी व्यवहार करायचं ठरवलं आणि आम्ही दोघं पुन्हा म्हसवडला गेलो. कागदांवर सह्या करायची वेळ आली. मेजरनी एक चावी माझ्यासमोर ठेवली.

मी विचारलं, "दुसरी?"

"ती न्हाई मिळायची."

"हरवली का?"

"हाय. माझ्याकडं ऱ्हायील." मग त्यांनी हौद्याकडं बोट केलं. "त्यो दोरबी ऱ्हायील."

दोराचं माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मी चावीवर अडले. विकलेल्या गाडीची चावी जवळ ठेवणारा माणूस पुढं काय करू शकतो, याच्या बातम्या मोबाइलवर रोज येतात. गाडी विकायची, पत्ता ठेवून घ्यायचा, आणि महिन्याभरानं चोरून न्यायची. मी म्हणाले, दोन्ही चाव्या मिळाल्याशिवाय मी सही करणार नाही.

"तर मग नका करू," मेजर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "चावी द्यायची न्हाई म्हंजे न्हाई. दुसरं काय बी मागा."

मी दिरांकडं पाहिलं. ते बाहेर शेळीकडं बघत होते. "तुमची मर्जी, वैनी," ते म्हणाले.

आम्ही उठलो. परतताना औंधला बसस्टँडजवळ चहाला थांबलो. समोर यमाईचा डोंगर होता. दीर बशीत चहा ओतून पीत होते. म्हणाले, "आता हंगाम काय गावत न्हाई. भाड्याचं टेंपो बघा, न्हाईतर आईला सांगून टाकू." ते हे प्रेमानं म्हणाले. मला ते प्रेमच ऐकवेना.

घरी आत्या शेंगा निवडत बसल्या होत्या. मी हातपाय धुऊन त्यांच्यापाशी बसले आणि सगळं सांगितलं. चावी दिली नाही. दोर पण नाही म्हणाले. मी उठून आले.

आत्यांचा हात थांबला. मग त्या हसू लागल्या. ह्यांच्या मागं त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसत होतं. "अगं येडे," त्या म्हणाल्या, "दावं कोण देतंय?"

मला कळेना.

"म्हस इकली, बैल इकला, तर दावं देत न्हाईत. जनावर जातंय, दावं घरातच ऱ्हातंय. न्हाईतर दावण मोकळी पडती. घेणाऱ्यानं आपलं दावं घेऊन जायाचं असतंय. त्या माणसानं गाडीचं दावं ठेवलंय. जपणारा माणूस हाय त्यो, अन् तू चोर समजून आलीस!"

मी सांगलीत वाढले. वडील शाळामास्तर, घरात पुस्तकं होती, जनावर नव्हतं. मला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण मोटारसायकल लावून दीर तेव्हाच आत आले होते, आणि आत्यांनी त्यांच्याकडं मान वळवली.

"का रं, तुला म्हाईत नव्हतं व्हय?"

"गाडी हाय ती," ते म्हणाले. "म्हस हाय व्हय?"

"दोर ठेवून घेतला तवा तरी ट्यूब पेटायची तुझी!"

"वैनीनी मला कुठं इचारलं? त्यांचं सगळं त्या मोबाइलवर बघत्यात." आणि ते हसून आपल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायच्या निमित्तानं त्यांच्या गोठ्यात गेले. गेल्या दिवाळीत त्यांनी एक म्हैस विकली होती. भिंतीतल्या खुंटीला तिचं दावं टांगलेलं होतं. जाऊबाई धार काढत होत्या. मी विचारलं, हे कशाला ठेवलंय? "काढायचं नसतंय ते," त्या म्हणाल्या. "ह्यांनीच टांगलंय."

मी दूध घेऊन आले. त्यांना खरंच गाडीशी ते जोडता आलं नसेल, हे शक्य आहे. मला चावीच दिसली आणि दोर दिसला नाही, तसं त्यांनाही झालं असेल. आणि त्यांना सगळं समजलं असेल आणि ते शेळीकडं बघत बसले असतील, हेही शक्य आहे. यातलं कुठलं खरं, हे ठरवायला लोखंडाला लावायचं चुंबक उपयोगी पडत नाही.

मेजरना मी फोन केला. मी म्हणाले, माझं चुकलं, मला रीत माहीत नव्हती. ते म्हणाले, "या. गाडी हितंच हाय."

तिसऱ्या खेपेला आत्या स्वतः आल्या. भावकीतल्या एकाच्या जीपमधून आत्या, मी आणि धाकटे दीर असे आम्ही तिघं गेलो. वाटेत आत्यांनी गाडी थांबवायला लावली आणि एका दुकानातून नवा दोर घेतला. दुकानदारानं किती हात पाहिजे विचारलं तर म्हणाल्या, "गाडीला येसण घालायची हाय, त्या मापानं दे." दुकानदाराला काही कळलं नाही.

म्हसवडला आत्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. मेजरची बायको बोलकी होती. आत्यांनी तिला सरळ विचारलं, "का इकताय गं? तुमचा माणूस काय सांगंना झालाय."

तिनं बाहेरच्या खोलीकडं बघून आवाज खाली घेतला. "गुडघा मुडपत न्हाई आक्का त्यांचा. क्लच दाबवत न्हाई. पोरगं पल्टनीत, इकडं चालवणार कोण? पर कुणाला सांगायचं न्हाई म्हणत्यात. सकाळी उठून गाडी पुसत्यात आन् परत खुर्चीत बसत्यात."

म्हणून ते उठले नव्हते. माझ्या यादीत खुर्चीवरून न उठणं हा सगळ्यात मोठा पुरावा होता.

सह्या झाल्या. मेजरच्या बायकोनं ताट आणलं. गाडीला हळद-कुंकू वाहिलं, चाकाला पाणी घातलं, नारळ फोडला. मग सवयीनं ताट घेऊन ती आमच्याकडं वळली आणि थांबली. गाडी न्यायला आलेल्या आम्ही दोघी, आणि दोघींच्याही कपाळाला काही नव्हतं. ताट तिच्या हातात तसंच राहिलं. तिनं ते खाली ठेवलं, गुळाचा खडा घेतला आणि आधी आत्यांच्या, मग माझ्या तळहातावर ठेवला. "गोड मानून घ्या," ती म्हणाली. मी तो तिथंच खाल्ला.

मेजर भिंतीला धरून उठले. लंगडत हौद्यापाशी आले, जुना दोर काढून खांद्यावर टाकला. आत्यांनी नवा दोर समोरच्या बंपरला बांधला. चालवत आणायला दीर बसले, कारण घाटातून एवढी मोठी गाडी आणायचं धाडस माझ्यात तोवर नव्हतं. गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत मेजर फाटकात उभे होते. त्यांनी हात वगैरे केला नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी रजा काढली. धाकटे दीर कारखान्यावर गेलेले होते. मी गाडी हळूहळू चालवत कराडला नेली आणि एका गॅरेजात तिचा सगळा लॉक सेट बदलून घेतला. सुरू करायचं कुलूप आणि दोन्ही दारांचं. गॅरेजवाला म्हणाला, "ताई, कुलूप चांगलं हाय की. बदलताय कशाला?" मी म्हणाले, बदला.

मेजरवर माझा अविश्वास नव्हता. आजही नाही. त्यांच्या घरात खुंटीला टांगलेली चावी आता कुठलंच दार उघडत नाही, हे त्यांना कधी कळू नये असं मला वाटतं. पण कुलूप मी बदललं, आणि ते का बदललं हे मी स्वतःलाही नीट शब्दांत सांगितलेलं नाही.

संध्याकाळी आत्या दारात बसल्या होत्या. मी गाडी लावून उतरले. त्यांनी माझ्या हातातल्या जुडग्याकडं पाहिलं.

"चावी चकचकीत दिसतीया."

"हो."

"दोन हायत?"

"दोन आहेत."

त्या म्हणाल्या, "बरं केलंस." कुणाच्या भीतीनं केलं, ते त्यांनी विचारलं नाही.

आषाढात रोपं गेली. पहिल्या खेपेला माझ्या हातून गाडी दोनदा बंद पडली आणि एकदा ओढ्याच्या कडेला चाक रुतलं. ते बाहेर काढायला धाकटे दीर ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांनी एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि जाताना ट्रे मोजून नीट लावून दिले. जुनी गिऱ्हाइकं बहुतेक टिकली. काही आली नाहीत. काहींनी बाई गाडी घेऊन आलेली बघून बांधावर गर्दी केली आणि रोपांपेक्षा मलाच जास्त बघितलं. एक म्हातारे म्हणाले, "आवं, मालक कुठं हायत?" त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं.

शेडनेट जागेवर आहे. त्याच्याखाली आत्ता पुढच्या लागणीचे ट्रे आहेत. रविवारी मी गाडी धुते. दोन्ही चाव्या माझ्याकडे असतात. धाकट्या दिरांनी त्यातली एक कधी मागितलेली नाही, आणि मी ती दिलेली नाही.